घरपट्टीच्या बिलातली पोर्टची ओळ: शोधा, तपासा आणि सुनावणीत बोला

किंग काउंटीत तुमचं घर आहे? मग पोर्ट ऑफ सिएटलच्या धक्क्यांवर, त्याच्या बाँडच्या हप्त्यांवर आणि दुवामिश नदीच्या सफाईवर तुमचेही पैसे लागतात. हे पोर्ट सरकारी आहे, त्याची हद्द म्हणजे अख्खी किंग काउंटी, आणि घरपट्टीतून वाटा घ्यायचा अधिकार त्याला कायद्याने मिळालेला आहे. मुंबई बंदर किंवा न्हावाशेवा आपल्याकडून घरपट्टी घेत नाही, त्यामुळे तिकडून आलेल्या मराठी माणसाची नजर ह्या ओळीवर सहसा जात नाही. आज ती जाऊ दे. रक्कम फार मोठी नाही, पण ती कशी ठरते हे एकदा हाताने करून पाहिलंत की पोर्टचा अख्खा कारभार वाचता येतो.

टेबलावर एवढं मांडा: लॅपटॉप, कॅल्क्युलेटर, कोरा कागद, दोन रंगांची पेनं आणि चहा. पहिल्या सोळा पायऱ्या एका संध्याकाळी होतात. पुढच्या पायऱ्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरची वाट पाहावी लागते. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरीचा आकडा पुढच्या पायरीत लागतो.

१. तुमचं घर नक्की कोणत्या काउंटीत आहे ते बघा. बेलव्ह्यू, रेडमंड, समामिश, इसाक्वा, कर्कलंड, रेंटन, केंट इथे राहत असाल तर प्रश्नच नाही, किंग काउंटीच. बॉथेलकरांनी मात्र जपून! बॉथेलची हद्द दोन काउंट्यांत पसरली आहे. तुमचं घर स्नोहोमिश काउंटीच्या बाजूला असेल तर ही कृती तुमच्यासाठी नाही. टॅकोमाच्या बाजूला, पिअर्स काउंटीत राहत असाल तर तुमचं पोर्ट वेगळं, पोर्ट ऑफ टॅकोमा.

२. घराचा पार्सल नंबर शोधून कागदाच्या डोक्यावर लिहा. किंग काउंटी असेसरच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की दहा आकडी नंबर मिळतो. अपार्टमेंटचा नंबर पत्त्यात घालायला विसरू नका, नाहीतर कॉन्डोच्या इमारतीत शेजाऱ्याचं पार्सल उघडतं आणि पुढची सगळी आकडेमोड त्याच्या घराची होते.

३. तो नंबर टाकून ह्या वर्षीचं घरपट्टीचं बिल उघडा. बिलं साधारण फेब्रुवारीच्या मध्यावर निघतात. इथे पुष्कळ जण म्हणतात, “आम्हाला बिल येतच नाही.” बरोबर आहे. गृहकर्जाच्या हप्त्यात एस्क्रो असेल तर घरपट्टी बँक परस्पर भरते. म्हणजे पैसे तुमचेच जातात, फक्त कागद नजरेसमोर येत नाही. काउंटीच्या संकेतस्थळावर मात्र बिल सगळ्यांना दिसतं, पासवर्डही लागत नाही. बँकेकडून येणाऱ्या एस्क्रोच्या वार्षिक कागदावर भागवू नका, त्यात पोर्टची ओळ नसते.

४. बिलावरची टॅक्सेबल व्हॅल्यू लिहून घ्या. हा आकडा असेसरने ठरवलेला असतो. घरं विकणाऱ्या ॲपवर दिसणारी किंमत इथे चालत नाही. आणखी एक खुबी लक्षात ठेवा: २०२५ ची घरपट्टी १ जानेवारी २०२४ च्या किमतीवर आकारली गेली. म्हणजे किंमत नेहमी एक वर्ष मागची असते. स्वल्पविरामही अमेरिकी पद्धतीने पडलेले असतात, तेव्हा सहा आकडी रक्कम लाखांत वाचताना एकदा बोटाने मोजा. आपण उदाहरणाला ९ लाख डॉलरचं घर धरू.

५. बिलातल्या वाटणीच्या तक्त्यात “पोर्ट” ही ओळ शोधा. ह्या तक्त्यात राज्याच्या शाळा, स्थानिक शाळा, काउंटी, शहर, पोर्ट, अग्निशमन, ग्रंथालय, आपत्कालीन वैद्यकीय सेवा अशा ओळी असतात. वाटणी सापडत नसेल तर असेसरच्या “टॅक्स ट्रान्सपरन्सी टूल”मध्ये तोच पार्सल नंबर टाका, तिथे ती सुटी करून दाखवतात. साउंड ट्रान्झिटची ओळ म्हणजे पोर्ट नव्हे, ती रेल्वे आणि बसची आहे. पूरनियंत्रणाचीही वेगळी. आपल्याला फक्त “पोर्ट” हवं.

६. तो आकडा पूर्ण वर्षाचा आहे याची खात्री करा. घरपट्टी दोन हप्त्यांत भरतात, पहिला ३० एप्रिलपर्यंत, दुसरा ३१ ऑक्टोबरपर्यंत. तुमच्यासमोर अर्ध्या वर्षाची पावती असेल तर आकडा दुप्पट करा. इथली चूक पुढे कुठेच दुरुस्त होत नाही, म्हणून घाई नको. आपल्या उदाहरणात समजा पोर्टच्या ओळीत वर्षाचे ९० डॉलर आहेत.

७. आता दर काढा. टॅक्सेबल व्हॅल्यूला १००० ने भागा, आणि जो आकडा येईल त्याने पोर्टच्या रकमेला भागा. आपल्या घराचं: ९,००,००० भागिले १००० म्हणजे ९००. मग ९० भागिले ९०० म्हणजे ०.१०. दर हजार डॉलरमागे १० सेंट. तुमचं उत्तर एक-दोन सेंटांनी इकडे तिकडे असेल तर छान. ते १ डॉलर किंवा १ सेंट आलं असेल तर शून्याचा घोळ झालाय, परत भागा.

८. असेसरच्या “कोड्स अँड लेव्हीज” ह्या वार्षिक पुस्तिकेत पोर्टचा दर बघून ताळा करा. पोर्टचा दर अख्ख्या काउंटीत एकच असतो, त्यामुळे रेडमंडचा वेगळा आणि केंटचा वेगळा अशी भानगड नाही. ताळा जमला नाही तर ज्येष्ठ नागरिकांची किंवा दुसरी कुठली सूट तुमच्या पार्सलवर लागली आहे का ते पाहा.

९. पोर्टची रक्कम पूर्ण बिलाच्या किती टक्के आहे ते काढून शेजारी लिहा. साधारण एका टक्क्याच्या आसपास येईल. बिलाचा खरा भार शाळा आणि शहर ह्या ओळींत आहे हे इथे दिसतं, आणि ते दिसलेलं बरं. घरपट्टी वाढली म्हणून पोर्टवर राग काढायचा असेल तर आधी हा आकडा बघा. आणि एक टक्काच आहे म्हणून सोडून द्यायचं असेल तर पायरी ११ पर्यंत थांबा.

१०. दराच्या शेजारी कायद्याची कमाल मर्यादा लिहा: दर हजारी ४५ सेंट. वॉशिंग्टन राज्यात पोर्टच्या सर्वसाधारण कामांसाठी एवढीच आकारणी करता येते. बाँडफेडीची आकारणी ह्या मर्यादेच्या बाहेर असते. ४५ आणि १० मधलं अंतर पाहून “म्हणजे उद्या चौपट करतील” असं मात्र समजू नका. त्याला दुसरा लगाम आहे, तो पायरी १२ मध्ये येतो.

११. पोर्टच्या संकेतस्थळावरून चालू वर्षाचं बजेट उतरवून घ्या आणि त्यातलं “टॅक्स लेव्ही”चं प्रकरण उघडा. पोर्ट घरपट्टीतून वर्षभरात जी एकूण रक्कम घेतं, तिला लेव्ही म्हणतात. २०२३ ची लेव्ही ८२.७ मिलियन डॉलर होती, म्हणजे ८ कोटी २७ लाख. मिलियनचे कोटी करताना १० ने भागायचं, एवढंच पक्कं ठेवा. बजेट शेकडो पानांचं असतं. पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, अनुक्रमणिकेतून थेट लेव्हीवर या. घराघरातल्या शंभरेक डॉलरांचे असे कोट्यवधी होतात, म्हणून ह्या प्रकरणाला एक संध्याकाळ द्यावीच.

१२. ह्या वर्षीच्या लेव्हीशेजारी गेल्या वर्षीची लेव्ही लिहा आणि वाढ टक्क्यांत काढा. इथे आपण थोडा वेळ थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे.

गणेशोत्सवाची वर्गणी सोसायटीत कशी ठरते आठवा. आधी समिती ठरवते की यंदा अमुक लाख लागणार, आणि मग ते फ्लॅटच्या आकाराप्रमाणे वाटले जातात. तुमच्या फ्लॅटचा बाजारभाव वाढला म्हणून उत्सवाचा खर्च वाढत नाही. पोर्टचंही तसंच. आधी एकूण डॉलर ठरतात आणि दर नंतर भागाकाराने निघतो. त्यामुळे दर खाली आला म्हणून कर कमी झाला असं नाही, आणि दर वर गेला म्हणून पोर्टने जास्त पैसे घेतले असंही नाही. काउंटीतल्या सगळ्या घरांच्या किमती उतरल्या तर लेव्ही तेवढीच राहूनही दर चढतो. बातमीत नुसता दर वाचून मत बनवू नका, कायम एकूण लेव्ही विचारा.

आता दुसरा लगाम. राज्याच्या कायद्याप्रमाणे लेव्ही वर्षाला साधारण १ टक्क्यापेक्षा जास्त वाढवता येत नाही, नव्या बांधकामावरची आकारणी वेगळी धरून. तरीही तुमच्या कागदावर ३ किंवा ५ टक्के वाढ दिसू शकते, आणि त्यात बेकायदा काही नाही. हा १ टक्का गेल्या वर्षी खरोखर घेतलेल्या रकमेवर मोजत नाहीत. पूर्वी कायद्याने जास्तीत जास्त जेवढी घेता आली असती, त्या रकमेवर मोजतात. पोर्टने बरीच वर्षं त्या कमाल रकमेपेक्षा कमी घेतलं आहे, त्यामुळे न वापरलेला हक्क शिल्लक साठत गेला. बजेटमध्ये “मॅक्सिमम अलाउएबल लेव्ही” असा आकडा असतो, तो शोधून तिसऱ्या स्तंभात लिहा. घेतलेली लेव्ही आणि हा आकडा यांतलं अंतर म्हणजे पोर्टच्या हातात राखून ठेवलेली जागा. माझ्या मते अख्ख्या बजेटमध्ये सामान्य घरमालकाने पाहायलाच हवा असा हा आकडा आहे.

१३. पुढच्या वर्षी तुमची रक्कम किती होईल याचा अंदाज बांधा. ह्या वर्षीची रक्कम घ्या, लेव्हीच्या वाढीने वाढवा, मग तुमच्या घराच्या किमतीच्या वाढीने वाढवा, आणि शेवटी काउंटीतल्या एकूण किमतीच्या वाढीने भागा. उदाहरण बघा: ९० डॉलर, लेव्ही ४ टक्के वाढली, तुमचं घर १० टक्के, काउंटी ५ टक्के. ९० गुणिले १.०४ म्हणजे ९३.६०. गुणिले १.१० म्हणजे १०२.९६. भागिले १.०५ म्हणजे साधारण ९८ डॉलर. शेवटचा भागाकार विसरू नका, तो राहिला की उत्तर उगीच फुगतं. घराची किंमत चुकीची वाढवली आहे असं वाटत असेल तर त्याची वाट वेगळी: किमतीची नोटीस निघाल्यापासून ६० दिवसांत, किंवा १ जुलैपर्यंत, यांपैकी जी तारीख नंतरची तोवर काउंटीच्या बोर्ड ऑफ इक्वलायझेशनकडे अपील करता येतं. अपील जिंकलंत तर तुमचा वाटा कमी होईल, पण पोर्टची लेव्ही एका डॉलरनेही कमी होणार नाही. तिच्यासाठी पायरी १७ पासून पुढे यावं लागतं.

१४. लेव्हीच्या खर्चाच्या तक्त्यात बाँडच्या परतफेडीची ओळ शोधून पहिल्या रंगाने अधोरेखित करा. तक्त्यात तिच्यापुढे “जनरल ऑब्लिगेशन”, म्हणजेच “जी. ओ.” असं लिहिलेलं असतं. हे बाँड पोर्टच्या कर घेण्याच्या ताकदीवर उभे असतात, आणि घरपट्टी हीच त्यांची हमी. “रेव्हेन्यू बाँड” दिसला तर त्याला रंग लावू नका. तो धंद्यातल्या कमाईतून फिटतो, आणि विमानतळाची मोठी बांधकामं बहुतेक त्याच्यावरच चालतात. ह्या दोघांची गल्लत फार होते, म्हणून ओळ दोनदा वाचा. मतदारांना न विचारता पोर्ट जे जी. ओ. कर्ज काढू शकतं, त्याला काउंटीतल्या करपात्र मालमत्तेच्या पाव टक्क्याची मर्यादा आहे. अधोरेखित केलेला हप्ता पुढची कित्येक वर्षं बांधलेला असतो. यंदाच्या सुनावणीत कुणी कितीही जोर लावला तरी तो हलत नाही. बोलायचं ते उरलेल्या रकमेवर.

१५. विमानतळ ह्या हिशोबातून बाजूला काढा. सी-टॅक विमानतळही ह्याच पोर्टचा, त्यामुळे “आमच्या घरपट्टीतून नवं टर्मिनल बांधलं” असं घरोघरी ऐकू येतं. तसं नाही. विमानतळ विमान कंपन्यांचं भाडं, पार्किंग, दुकानं, भाड्याच्या गाड्या यांच्या उत्पन्नावर चालतो. उलट बाजूही समजून घ्या: केंद्राच्या नियमाप्रमाणे विमानतळाची कमाई विमानतळाबाहेरच्या कामांवर सहसा उडवता येत नाही. म्हणून विमानांच्या आवाजाचा आणि धुराचा त्रास सोसणाऱ्या बुरियन, डे मॉइन, टकविला, सीटॅक अशा गावांसाठी पोर्टला काही करायचं असेल तर लेव्हीकडेच हात जातो. साउथ किंग काउंटी फंड असाच उभा राहिला, २०१९ ते २०२३ साठी १ कोटी डॉलरचा. ह्या गावांत राहणाऱ्यांनी तक्त्यातली अशा निधीची ओळ चुकवू नये. ज्यांच्या डोक्यावरून विमानं जातात त्या मुलांच्या शाळा आणि बागा ह्या ओळीच्या आशेवर असतात.

१६. उरलेल्या ओळींना दुसऱ्या रंगाने खुणा करा. धक्के आणि गोद्या, फिशरमेन्स टर्मिनलची डागडुजी, दुवामिशच्या तळाशी साठलेल्या गाळाची सफाई, मालवाहतुकीचे रस्ते, रोजगार प्रशिक्षण, शहरांना दिलेली छोटी अनुदानं, असं काय काय सापडेल. प्रत्येक ओळीशेजारी एक अक्षर लिहा: काम एकदाच होणार असेल तर “ए”, दरवर्षी चालणार असेल तर “द”. रस्त्यांच्या ओळींवर जरा जास्त वेळ घालवा. सिएटलच्या किनाऱ्यावरचा जुना उड्डाणरस्ता पाडून त्याजागी जो बोगदा झाला आणि २०१९ मध्ये सुरू झाला, त्या कामातही पोर्टने मोठा वाटा उचलला होता. रस्ता राज्याचा होता, पण धक्क्यावरचा माल त्याच भागातून जायचा. अशा कामांना होकार देताना पोर्ट वर्षानुवर्षांची बांधिलकी घेतं, म्हणून “ह्या वर्षी किती” एवढंच न पाहता “अजून किती बाकी” हेही शोधा. कंटेनरची उलाढाल २०१५ पासून सिएटल आणि टॅकोमा मिळून नॉर्थवेस्ट सीपोर्ट अलायन्समार्फत चालवतात. तिचं उत्पन्न वेगळ्या प्रकरणात असतं, ते लेव्हीत मिसळू नका. तक्त्याच्या तळाशी वर्षअखेरची शिल्लक असते, तीही लिहून ठेवा.

इथे संध्याकाळचं काम संपलं. कागद फ्रिजवर लावा. पैसे भरताना मात्र एक लक्षात ठेवा: मनासारखा खर्च नाही म्हणून पोर्टची रक्कम कापून उरलेला चेक पाठवायचा नाही. सगळी घरपट्टी काउंटी एकत्र घेते, आणि बाकी राहिली की व्याज चढतं.

१७. ऑक्टोबर उजाडला की पुढच्या वर्षीच्या बजेटचा मसुदा उतरवून घ्या. त्यात प्रस्तावित लेव्ही असते. जुन्या फाइलच्या नावावर नवी फाइल साठवू नका, दोन्ही शेजारी ठेवून वाचायच्या आहेत.

१८. लेव्ही वाढवण्याचा ठराव शोधा. राज्याच्या कायद्याप्रमाणे वाढ करायची तर ती डॉलरमध्येही आणि टक्क्यांतही ठरावात सांगावी लागते. पायरी १२ मध्ये काढलीत तशीच टक्केवारी ह्या नव्या आकड्यांची काढा आणि ठरावातल्या टक्क्यांशी ताडून पाहा. फरक दिसला तर लगेच हरकत घेऊ नका. बहुतेक वेळा नव्या बांधकामाची रक्कम ठरावाच्या टक्केवारीत धरलेली नसते, फरक तिथून येतो.

१९. एकच प्रश्न लिहा. एकच! पाच विषय घेऊन गेलात तर पाचही हवेत विरतात. प्रश्नात ओळीचं नाव, आकडा आणि मागणी असू द्या. नमुना: “मसुद्यात लेव्ही अमुक टक्के वाढवली आहे, आणि वर्षअखेर अमुक डॉलर शिल्लक राहणार असं तुमचाच तक्ता सांगतो. मग ही वाढ ह्याच वर्षी का हवी?” किंवा उलट दिशेने: “आमच्या शाळेजवळच्या कामासाठीची ओळ गेल्या वर्षीपेक्षा खाली आली आहे, ती पूर्ववत करा.” दोन्ही बाजूंनी बोलण्याचा तुम्हाला सारखाच हक्क आहे. कर कमी करा म्हणणं आणि हे काम करून घ्या म्हणणं, दोन्ही नागरिकाचीच कामं.

२०. लेव्ही ठरवणाऱ्या पोर्ट कमिशनच्या बैठकीची तारीख आणि जागा टिपून ठेवा. बजेटवरची जाहीर सुनावणी आणि मंजुरी साधारण नोव्हेंबरमध्ये होते. बैठका मंगळवारी असतात, कधी पियर ६९ वरच्या पोर्टच्या मुख्यालयात, कधी विमानतळावरच्या सभागृहात. ह्या दोन जागांमध्ये वाहतुकीच्या वेळी पाऊण तास सहज जातो, म्हणून कार्यक्रमपत्रिकेवरची जागा निघण्यापूर्वी परत वाचा.

२१. बोलण्यासाठी आधी नाव नोंदवा. प्रत्यक्ष जाऊन बोलता येतं, घरून ऑनलाइनही, आणि लेखी म्हणणंही पाठवता येतं. इथे आपल्यातले पुष्कळ जण कचरतात: “आम्ही अजून एच-वन वर आहोत, आम्हाला कोण विचारतं?” मनापासून सांगते, कचरू नका. सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही, आणि घरपट्टी तर तुम्ही भरताच. भाड्याच्या घरात राहत असाल तरी बोला, घरमालक ती रक्कम भाड्यात धरतोच. आईबाबा तुमच्याकडे राहायला आले असतील आणि विमानांच्या आवाजाने दुपारी त्यांचा डोळा लागत नसेल, तर त्यांचं म्हणणंही लेखी पाठवा.

२२. लिहिलेला प्रश्न मोठ्याने वाचून घड्याळ लावा. दोन मिनिटांच्या आत बसला पाहिजे. नाव, शहर, मग थेट आकडा. आभार आणि प्रस्तावना यांत अर्धा मिनिट गेला की मागणी सांगायच्या आधीच वेळ संपल्याची खूण होते.

२३. सुनावणीत बोला. कमिशनर पाच असतात. त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही तर ओशाळू नका, टिप्पणीच्या वेळी ते बहुधा ऐकूनच घेतात. बोलून झाल्यावर तेच म्हणणं लेखीही पाठवा आणि उत्तर मागा. विमान कंपन्यांशी किंवा दुसऱ्या कुणाशी भांडण असेल तर ते इथे काढू नका. विषय लेव्ही, तेवढ्यावरच राहा.

२४. मंजूर झालेली लेव्ही बघून तुमच्या कागदावर चौथ्या स्तंभात लिहा. मसुदा आणि मंजुरी यांत फरक असतो तो इथेच कळतो. मसुद्याचा आकडाच अंतिम धरून बसू नका.

२५. नागरिक असाल तर पोर्ट कमिशनची निवडणूक मतपत्रिकेवर शोधा. कमिशनर चार वर्षांसाठी निवडले जातात, अख्ख्या काउंटीतून, विषम वर्षांच्या नोव्हेंबरमध्ये, आणि लेव्ही किती घ्यायची हे हेच पाच जण ठरवतात. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नसते, त्यामुळे टपालातून आलेलं मतपत्रिकेचं पाकीट जाहिरातींच्या गठ्ठ्यात दबून राहतं. ते बाजूला काढा, मतपत्रिकेवर थोडं खाली जाऊन “पोर्ट ऑफ सिएटल” शोधा, खूण करा आणि पाकिटावर सही करा. सही राहिली तर मत मोजणीत अडतं. ड्रॉप बॉक्समध्ये टाकणार असाल तर मतदानाच्या दिवशी रात्री ८ च्या आत.